देवाशी भांडता येतं का? देव आणि माणूस यांच्या नात्याबद्दल

‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥’

तुकोबांच्या गाथेतलं हे वचन आहे. माझ्यापुरता देव मेला, ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो. पुढे ते सांगतात, आता त्याच्या गोष्टी करायच्या नाहीत, त्याचं नाव घ्यायचं नाही, आमचं दोघांचं तुटलं. ज्यानं हजारो अभंगांतून विठ्ठलाला हाका मारल्या, त्याच्या तोंडचं हे वाक्य वाचून दचकायला होतं.

पण नास्तिक माणूस असं बोलत नाही. ज्याच्या लेखी देव मुळात नाहीच, त्याला देवाशी अबोला धरण्याचं काही कारण नसतं. रुसणं, टाकून बोलणं, ‘यापुढे तुझं तोंड पाहणार नाही’ असं ठणकावणं हे सगळं जवळच्या माणसाशीच होतं. तुकोबांचा संताप वाचताना वाटतं की यांचं देवाशी काहीतरी होतं, आणि ते फार जवळचं होतं.

म्हणजे काय होतं? अथांग विश्व ज्याच्यातून आलं असं आपण म्हणतो, त्याच्याशी देहूतल्या एका वाण्याचं नातं असू शकतं का? तुमचं-माझं असू शकतं का? ‘येशूशी वैयक्तिक नातं’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकात प्रॉटेस्टंट प्रचारकांनी जगभर नेला, त्यामुळे ही कल्पनाच तिकडची आहे असं काहींना वाटतं. मराठीत मात्र ती सातशे वर्षं नांदते आहे. म्हणून हा प्रश्न मी वारकरी संतांचं बोट धरून समजावून घेणार आहे. यातली एकही अडचण त्यांनी लपवली नाही, हे त्यांना निवडण्याचं मुख्य कारण.

माझं म्हणणं आधीच सांगतो. असं नातं शक्य आहे असं मला वाटतं. पण ते खरं आहे की नाही हे त्यातल्या गोडव्यावरून कळत नाही. त्या नात्यात देव आपल्याला ‘नाही’ म्हणू शकतो का, आणि ते नातं आपल्याला दुसऱ्या माणसाकडे घेऊन जातं का, यावरून कळतं.

अडचण नेमकी कुठे आहे

दोघांमध्ये नातं आहे असं आपण कधी म्हणतो? दोघं एकमेकांना ओळखतात, एकाच्या सुखदुःखानं दुसऱ्याला फरक पडतो, हाक मारली तर ओ मिळते. आता शास्त्रांतलं देवाचं वर्णन पाहा. तो पूर्ण आहे, निराकार आहे, त्याच्यात कधी बदल होत नाही. जो पूर्ण आहे त्याला माझी काय गरज? जो बदलत नाही त्याला माझ्या रडण्यानं काय होणार? आणि जीव आणि ब्रह्म एकच आहेत हे अद्वैताचं म्हणणं मानलं, तर नातं जोडायला दुसरं कुणी उरतच नाही.

आचार्यांमध्ये यावर मोठे वाद झाले. शंकराचार्यांच्या मते अंतिम सत्य निर्गुण आहे. सगुण देवाची भक्ती चित्त शुद्ध करते, पण ज्ञान झालं की उपास्य आणि उपासक हा भेद मावळतो. रामानुजाचार्यांना हे पटलं नाही. जीव आणि जग हे ईश्वराचं शरीर आहे, ते त्याच्यापासून वेगळं काढता येत नाही, पण त्याच्यात विरघळूनही जात नाही, असं ते म्हणाले. मध्वाचार्यांनी तर जीव आणि ईश्वर हे कायमचे दोन आहेत असंच सांगितलं. सोप्या शब्दांत सांगायचं तर शंकराचार्यांकडे नातं हा वाटेतला मुक्काम आहे आणि इतर दोघांकडे तेच पोचायचं ठिकाण आहे.

गीतेच्या बाराव्या अध्यायाची सुरुवातही याच प्रश्नानं होते. तुझी भक्ती करणारे आणि अव्यक्ताची उपासना करणारे, यांत श्रेष्ठ कोण, असं अर्जुन विचारतो. उत्तरात श्रीकृष्ण अव्यक्ताची वाट चुकीची म्हणत नाहीत. देह असलेल्या माणसाला ती जास्त कष्टाची आहे, एवढंच म्हणतात. मला हे उत्तर फार मायाळू वाटतं. आपल्याला हात आहेत, डोळे आहेत, रात्री झोप न येण्याची कारणं आहेत. अशा प्राण्याला प्रेम करायला काहीतरी समोर लागतं, हे त्यात मान्य केलेलं आहे.

ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. ते पक्के अद्वैती होते आणि तितकेच पक्के भक्तही. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, याचं उत्तर त्यांनी अमृतानुभवात एका ओवीत दिलं आहे:

‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥’

डोंगर कोरून त्यातच देव करतात, त्यातच देऊळ करतात, देवाभोवतीचा परिवारही त्यातच करतात. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. तिथे बाहेरून आणलेला दगड नाही. मूर्ती, खांब, हत्ती, सगळा एकच कातळ. तरीही तिथे देव देव आहे, भक्त भक्त आहे आणि दोघांमध्ये नमस्काराचं अंतर आहे. मग सगळं एकच असताना भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असं ज्ञानेश्वर विचारतात. मूळ वस्तू एक असली म्हणून तिच्यातला प्रेमाचा खेळ खोटा ठरत नाही.

राहिला ‘पूर्ण देवाला माझी काय गरज’ हा प्रश्न. त्यावर तुकोबांचं उत्तर चक्क हक्क सांगणारं आहे. अंधारामुळे दिव्याला शोभा आली, रोगामुळे धन्वंतरी उजेडात आला, तसं आमच्यामुळे तुला देवपण आलं, असं ते विठ्ठलाला सुनावतात. तर्कशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर कदाचित टिकणार नाही. पण त्यातला मुद्दा खोल आहे. करुणा हा देवाचा गुण असेल, तर करुणा करायला समोर कुणीतरी हवंच.

कुठलं नातं?

‘नातं’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुठलं? नारदाच्या भक्तिसूत्रांत भक्तीची अकरा रूपं सांगितली आहेत. त्यांत दास होऊन राहणं आहे, मित्र होणं आहे, प्रियकरासारखं ओढ लावून घेणं आहे, देवाला लेकरू मानून त्याचं करणं आहे आणि शेवटचं रूप आहे विरह. देव जवळ नाही याची जाळणारी जाणीवही भक्तीच्या प्रकारांत मोजलेली आहे. हे पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात यातलं सगळ्यांत खोल रुजलं ते आईचं नातं. कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष देव आणि त्याला हाक ‘विठाई’, ‘माउली’ अशी. पण जनाबाईचे अभंग वाचले की कळतं, एकाच भक्ताची एकाच देवाशी किती नाती असू शकतात. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो. ती त्याला ‘ये ग ये ग विठाबाई’ म्हणून बोलावते आणि बिनसलं की ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशी शिवीही देते. ‘देव खातें देव पितें । देवावरी मी निजतें’ असंही तीच म्हणते. पहिल्या दोन ठिकाणी देव समोर उभा आहे, तिसऱ्या ठिकाणी देवाखेरीज काही उरलेलंच नाही. आचार्यांनी ज्यावर ग्रंथ लिहिले तो द्वैत-अद्वैताचा सगळा प्रवास ही बाई घरकाम करताना करून मोकळी झाली.

जात्यावरच्या ओव्यांत हेच पुढे चालू राहिलं. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. अशा ओव्यांतला विठ्ठल बाप आहे, भाऊ आहे, घरी येणारा पाहुणा आहे. जनी आणि रुक्मिणी यांच्यातली कुरबुरही आहे. ज्या बायकांना पोथी वाचता येत नव्हती, सासरी मन मोकळं करायला कुणी नव्हतं, त्यांनी पहाटेच्या अंधारात या देवाशी बोलून घेतलं. व्यक्तिगत नातं म्हणजे काय हे मला विचाराल तर मी कुठल्याही ग्रंथाच्या आधी या ओव्यांकडे बोट दाखवीन.

इथे नवसाबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक घरांत देवाशी पहिला व्यवहार नवसाचाच होतो. जेजुरीचा खंडोबा असो की तुळजापूरची भवानी, कुलदैवत आपण निवडत नाही. आईवडिलांप्रमाणे तेही जन्मानं मिळतं आणि त्याचे कुळाचार पाळायचे असतात. अडचण आली की नवस, पार पडली की फेडायचा. पुष्कळ शिकलेली माणसं याला देवघेव म्हणून नाक मुरडतात. मला तसं करवत नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईनं बोललेला नवस हा हिशेब नसतो, तिच्या हातात त्या वेळी दुसरं काही नसतं म्हणून ती बोलते. तुकोबांनी नवसावर टीका केली ती तिथे थांबून राहण्यावर, असं मी समजतो. ज्याच्याकडे फक्त काम असतानाच जायचं, त्याच्याशी ओळख वाढत नाही.

हे सगळं मनाचेच खेळ तर नाहीत?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जर्मन विचारवंत लुडविग फॉयरबाख यानं 1841 मध्ये मांडलं की माणूस स्वतःतलंच उत्तम ते सगळं, प्रेम, ज्ञान, सामर्थ्य, आकाशात नेऊन ठेवतो आणि त्याला देव म्हणतो. सिग्मंड फ्रॉइडनं 1927 मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की लहानपणी संकटात बाप सांभाळतो, मोठेपणी तसाच एक बाप हवासा वाटतो, आणि त्या गरजेतून देव तयार होतो. तुकोबा ‘मायबाप’ म्हणतात, जनी ‘आई’ म्हणते. फ्रॉइडला यात पुरावाच दिसला असता.

याच विषयावर अलीकडे वेगळ्या पद्धतीचं काम झालं आहे. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुर्मन यांनी शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या काही चर्चमध्ये अनेक वर्षं लोकांबरोबर राहून अभ्यास केला. ही माणसं देवाशी मित्रासारखी बोलतात. कुणी देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून समोर ठेवतात. लुर्मन यांना दिसलं ते असं: देव बोलतो हे जाणवणं आपोआप होत नाही, ते शिकावं लागतं. कल्पनेला आणि लक्षाला रोजचं वळण लावावं लागतं, काहींना ते लवकर जमतं, काहींना वर्षानुवर्षं जमत नाही. आपल्याकडे या वळणालाच साधना म्हणतात. नैवेद्याचं ताट देवापुढे ठेवून डोळे मिटणाऱ्या आजीला त्या दुसऱ्या कपाचं नवल वाटणार नाही.

यातून काय सिद्ध होतं? मनाची कुठली यंत्रणा हे नातं अनुभवते, ते कळतं. पलीकडे कुणी आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. डोळा कसा पाहतो हे समजलं म्हणून समोरचं झाड खरं की भास, याचा निकाल लागत नाही. तसंच, देव हवासा वाटतो एवढ्यावरून तो नाही असं ठरत नाही आणि आहे असंही ठरत नाही. नास्तिकानं आणि आस्तिकानं दोघांनीही हे मान्य करावं असं मला वाटतं.

पण फॉयरबाखचा धोका खरा आहे, हे विसरू नये. माणूस आरशासमोर उभा राहून त्यालाच देव समजू शकतो. देव कायम माझ्याच बाजूनं बोलतो, माझा राग त्याला पटतो, मी ज्यांना कमी लेखतो त्यांना तोही कमी लेखतो, असं जर कुणाला आढळलं तर त्यानं थांबून विचार करावा. या आजाराची तपासणी कशी करायची, हे वारकरी परंपरेनं एका कथेत सांगून ठेवलं आहे. या लेखात एकच गोष्ट सांगता येईल असं कुणी म्हटलं असतं तर मी हीच सांगितली असती.

कच्चं मडकं

नामदेवांचं विठ्ठलाशी असलेलं सख्य प्रसिद्ध आहे. लहान असताना त्यांनी नैवेद्य नेला आणि देव जेवेना तेव्हा हट्ट धरून त्याला जेवायला लावलं, ही कथा मराठी घरात बहुतेकांनी ऐकलेली असते. असा हा देवाचा लाडका. एकदा सगळे संत गोरोबा काकांकडे तेरला जमले. गोरोबा कुंभार. मुक्ताबाई त्यांना म्हणाली, काका, तुमच्या थापटण्यानं पाहा जरा, यांतली कुठली मडकी पक्की आणि कुठली कच्ची. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. आता आरशातला देव असता तर काय म्हणाला असता? ‘त्यांना काय कळतंय, तू माझा आहेस.’ पण विठ्ठल म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. तू गुरू कर.

ही कथा मी अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी याच जागी मन थांबतं. ज्याच्या हातून देव जेवला तो कच्चा, आणि हे देव स्वतः कबूल करतो. म्हणजे देवाशी जवळीक असणं पुरेसं नाही, त्या जवळिकीचा अभिमान होऊ शकतो, ‘माझा देव’ या शब्दांत ‘माझा’ हा शब्द ‘देव’ या शब्दाला गिळू शकतो, हे संतांना सातशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आणि हे नातं खरं असण्याची खूणही इथेच आहे. देवानं भक्ताला न आवडणारं सांगितलं.

पुढे नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. पाहतात तर हा म्हातारा शिवलिंगावर पाय टाकून पडलेला. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा रे, म्हाताऱ्याला उचलवत नाहीत पाय, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवत तिथे पिंड उभी राहू लागली. तेव्हा त्यांना कळलं.

त्यानंतरची कथा कुत्र्याची. नामदेवांच्या पुढ्यातली कोरडी भाकर कुत्र्यानं पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, देवा कोरडी खाऊ नकोस, थोडं तूप घे, असं म्हणत. नैवेद्याच्या कथेतला मुलगा आणि हा माणूस एकच. नातं तेच, जेवू घालण्याचं. फक्त ते देवळाच्या भिंतींत मावेनासं झालं. ते महाराष्ट्रातही मावलं नाही. नामदेव पंजाबात गेले, तिथे त्यांचं घुमान हे गाव आजही तीर्थ आहे, आणि त्यांची 61 पदं शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

या कथा परंपरेनं जपलेल्या आहेत, इतिहासाचे दाखले म्हणून मी त्या देत नाही. देवाशी नातं कसं वाढतं आणि कुठे अडकतं याबद्दल एका समाजानं पिढ्यान्‌पिढ्या जे शहाणपण साठवलं, ते त्यांत आहे.

उंबरठ्याबाहेर

चोखोबांचं काय? मंगळवेढ्याचे चोखामेळा महार जातीचे. विठ्ठल त्यांचा जिवलग आणि त्याच्या देवळात त्यांना जायची बंदी. व्यक्तिगत नात्याबद्दल गोड बोलणाऱ्या प्रत्येकानं या माणसापाशी काही वेळ थांबायला हवं. त्यांनी देवाला सोडलं नाही आणि अन्याय गोडही मानून घेतला नाही. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी तर देवाला थेट जाब विचारला. देहाला विटाळ म्हणता, पण आत्मा निर्मळ आहे, आणि विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे तरी कुठला? हा प्रश्न पुजाऱ्याला विचारला असता तर त्यानं हाकलून दिलं असतं. देवाला विचारता आला.

1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी वेचून आणली, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. बाहेरच. देऊळ दलितांना उघडलं जावं म्हणून साने गुरुजींना 1 मे 1947 पासून पंढरपुरात उपोषण करावं लागलं, दहा दिवसांनी ते सुटलं. देवाशी नातं जोडायला कुणाची परवानगी लागत नाही, हे चोखोबांनी दाखवलं. पण देवळाचा दरवाजा सहाशे वर्षं बंद ठेवता येतो हेही त्याच गावात दिसलं. यातल्या पहिल्या गोष्टीचं कौतुक करून दुसरी झाकणं मला पाप वाटतं.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा याच दुखण्यावर बोट ठेवलं. निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको. फुल्यांचा निर्मिक विठ्ठलासारखा दळायला येत नाही, त्याच्याशी लाडिक बोलणं नाही. पण मधला दलाल दूर केला की जे उरतं ते माणसाचं आणि त्याच्या निर्मात्याचं सरळ नातंच असतं.

ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि ख्रिस्तावर त्यांनी अभंगच लिहिले. देव बदलला तरी त्याच्याशी बोलायची रीत त्यांनी देहूचीच ठेवली.

उत्तर येत नाही तेव्हा

सगळ्यांत कठीण भाग हा आहे. हाक मारली आणि ओ आली नाही तर?

तुकोबांच्या आयुष्यात 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ आला. पैसा गेला, मान गेला, एक बायको ‘अन्न अन्न’ करत मेली, हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलं आहे. पुढे विरोधामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारात पडून राहिले. वह्या वर आल्या हा कथेचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. पण तेरावा दिवस उजाडायच्या आधी बारा दिवस गेले होते. त्या दिवसांतल्या माणसाला वह्या येणार आहेत हे माहीत नव्हतं. गाथेतले विरहाचे आणि संतापाचे अभंग वाचताना मला ते बारा दिवस आठवतात.

नामदेवही असेच एकदा रागावून माघारी फिरले होते. पतितपावन हे तुझं नाव ऐकून दारात आलो, तू तसा नाहीस म्हणून माघारी जातो. तू आधी घेतोस आणि मगच देतोस, अशा कंजुषाचं दार कशाला अडवून बसू? एवढं बोलून ते गेले कुठे? देवाकडेच. कारण हे सगळं त्यालाच उद्देशून म्हटलेलं आहे.

मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. कोलकात्यातलं काम सुरू झालं त्या सुमारापासून जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जाणवलाच नव्हता. आत कोरडं, अंधारं. तरी रोज पहाटे प्रार्थना आणि मग रस्त्यावरची माणसं. काहींनी याला ढोंग म्हटलं. नारदानं विरहाला भक्तीच्या अकरा रूपांत बसवलं आहे, हे माहीत असलेल्या माणसाला तसं म्हणवणार नाही. भावना आटल्यावर ती बाई जे करत राहिली, तेच तिचं नातं होतं.

म्हणून ‘मला देवाबद्दल काहीच वाटत नाही, माझ्यात काही कमी आहे का’ असं विचारणाऱ्याला मी नेहमी सांगतो की वाटण्यावर फार जाऊ नका. वारकरी पंथाची रचनाही वाटण्यावर उभी नाही. गळ्यात तुळशीची माळ घालायची, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, पंढरीची वारी चुकवायची नाही. मन लागलं तरी, न लागलं तरी. आणि हे एकट्यानं कोपऱ्यात बसून करायचं नाही, दिंडीत चालताना पुढच्या-मागच्या माणसाच्या पाया पडत, त्याला माउली म्हणत करायचं. देवासाठी वापरायचा शब्द शेजारच्या घामेजलेल्या माणसासाठी वापरण्याची ही सवय गोरोबांच्या थापटण्याइतकीच कडक परीक्षा घेते. ज्याला शेजारच्याला माउली म्हणवत नाही, त्यानं गाभाऱ्यातल्या माउलीशी आपलं कसं आहे ते तपासून पाहावं.

आषाढीला पंढरपुरात लाखो लोक पोचतात. पायांवर डोकं ठेवायची रांग इतकी लांब असते की पुष्कळांना देवळात शिरायलाही मिळत नाही. ते चंद्रभागेत अंघोळ करतात, नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला हात लावतात, कळस पाहून हात जोडतात आणि गावी परततात, कारण पेरण्या झालेल्या असतात आणि शेत वाट पाहत असतं. विठ्ठलाची भेट झाली का असं त्यांना विचारलं, तर झाली म्हणतात.